अमेरिकेतल्या लेकराची एलआयसी आणि तो एक टक्का

पोरगं अमेरिकेत आणि त्याच्या नावावरची एलआयसी सांगलीत चालू, अशी घरं आमच्या विश्रामबागेत दर गल्लीत सापडतील. पॉलिसी बहुतेक वेळा त्याला पहिली नोकरी लागली तेव्हा वडिलांनी ओळखीच्या एजंटाकडून काढून दिलेली असते. पोरगं पुण्याहून न्यू जर्सीला किंवा डॅलसला जातं, हप्ता मात्र इथल्या बँकेतून दरवर्षी जातच राहतो. मग एखाद्या वर्षी तिकडचा टॅक्सवाला विचारतो, "भारतात लाइफ इन्शुरन्स आहे का? फॉर्म ७२० भरता का?" आणि रात्री साडेदहाला मला व्हॉट्सअ‍ॅप येतो.

मी कर सल्लागार आहे. अमेरिकेचं रिटर्न मी भरत नाही, ते तिकडचा माणूसच भरतो. पण त्या रिटर्नला लागणारे सगळे कागद इथं, आईवडिलांच्या कपाटात असतात. ते शोधून, लावून, डॉलरमध्ये मांडून पाठवायचं काम माझ्याकडे येतं. ही घरं आणि हळद-बेदाण्याचे दोनचार निर्यातदार यांच्यासाठी तेच तेच सांगते आहे, म्हणून आता एकदा सविस्तर लिहून ठेवते.

आधी कायदा काय म्हणतो ते. अमेरिकेच्या इंटर्नल रेव्हेन्यू कोडमध्ये कलम ४३७१ ते ४३७४ हा छोटासा भाग आहे. परदेशी विमा कंपनीला दिलेल्या हप्त्यावर अमेरिका अबकारी कर लावते, आणि तो ज्या तिमाही फॉर्मवर भरतात तो हा फॉर्म ७२०. तिथली कंपनी तिथं प्राप्तिकर भरते, बाहेरची भरत नाही, म्हणून हप्त्यावरच थोडं कापून घ्यायचं, असा सरळ हिशेब. मालमत्ता, अपघाती नुकसान, उत्पादनाची जबाबदारी अशा विम्यावर आणि नुकसानभरपाईच्या बाँडवर ४ टक्के. आयुर्विमा, आजारपण, वैयक्तिक अपघात आणि अ‍ॅन्युइटी म्हणजे पेन्शनच्या पॉलिसीवर १ टक्का. पुनर्विम्यावर, म्हणजे विमा कंपनी स्वतःचा धोका दुसऱ्या कंपनीकडे सोपवते त्यावरही १ टक्का, पण तो विमा कंपन्यांचा आपसातला मामला, आपण सोडून देऊ.

हा कर हप्त्यावर आहे, नफ्यावर नाही. पॉलिसीतून एक रुपया मिळालेला नसला तरी लागतो.

लोक पहिल्यांदा टक्का विचारतात. मी म्हणते, टक्का शेवटी बघा. आधी बघा की विमा कोणाच्या जिवाचा किंवा कोणत्या जागेवरच्या वस्तूचा आहे. निम्मे प्रश्न तिथंच मिटतात.

आयुर्विम्याच्या बाबतीत कायदा बघतो तो ज्याच्या जिवावर पॉलिसी आहे तो माणूस. तो अमेरिकेचा नागरिक किंवा करापुरता तिथला रहिवासी असेल तरच हा एक टक्का. आईच्या जिवावर पॉलिसी आहे, आई मिरजेत राहते आणि हप्ता मुलगा ऑस्टिनहून पाठवतो, तर कर नाही. मुलगा नॉमिनी आहे म्हणूनही नाही. आईवडिलांच्या मेडिक्लेमचे पैसे मुलाने भरले तरी तेच, कारण आजारी पडायचा धोका सांगलीत बसलेल्या दोघांचा आहे. उलट, मुलाच्या जिवावरची पॉलिसी असेल आणि हप्ता वडील स्वतःच्या पेन्शनमधून भरत असतील, तर कर लागतो. नियमाप्रमाणे हप्त्याचे पैसे जो पाठवतो त्याने कर भरायचा. त्याने भरला नाही तर ज्याचा विमा आहे किंवा ज्याच्या फायद्यासाठी तो काढला आहे, त्याच्यावर जबाबदारी येते. वडील काही अमेरिकेत फॉर्म भरायला जाणार नाहीत. म्हणजे फिरून ते मुलाकडेच.

आता "करापुरता रहिवासी" कोण? ग्रीन कार्ड असलेला प्रत्येक जण, मग तो वर्षातले आठ महिने सांगलीत का असेना. एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांना दिवसांचं गणित लागतं: चालू वर्षातले सगळे दिवस, गेल्या वर्षाच्या दिवसांचा तिसरा भाग, त्याआधीच्या वर्षाच्या दिवसांचा सहावा भाग. बेरीज १८३ झाली आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस तिथं काढले असले की रहिवासी. एफ-१ व्हिसावर शिकायला गेलेल्या पोरांचे साधारणपणे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस मोजतच नाहीत. त्यामुळे नुकत्याच एम.एस.ला गेलेल्या मुलीच्या एलआयसीसाठी लगेच धावाधाव नको. नोकरी लागून व्हिसा बदलला की मात्र तारीख लिहून ठेवा.

ग्रीन कार्डवाले आईवडील ही वेगळीच जमात. मुलांनी हौसेनं कार्ड काढून दिलेलं असतं, उन्हाळा न्यू जर्सीत आणि दिवाळी-संक्रांत सांगलीत. निवृत्तीचे पैसे आले की इथं अ‍ॅन्युइटी घेतात, एकरकमी. समजा नऊ लाखांची घेतली. हिशेब सोपा जावा म्हणून डॉलर नव्वद रुपये धरू: दहा हजार डॉलर झाले, त्याचा एक टक्का शंभर डॉलर. घेणारा ग्रीन कार्डधारक असेल तर त्या तिमाहीत फॉर्म ७२० लागतो. एजंटाला हे ठाऊक नसतं आणि ते ठाऊक असणं त्याचं कामही नाही. पॉलिसी घेताना फॅटकाच्या, म्हणजे परदेशातली खाती कळवायच्या अमेरिकी कायद्याच्या, कागदावर "अमेरिकेचे कर-रहिवासी आहात का" हा प्रश्न असतो. भारत-अमेरिका यांच्यात जुलै २०१५ मध्ये करार झाल्यापासून तो प्रत्येक विमा कंपनी आणि बँक विचारते. तिथं "नाही" वर टिकमार्क करून मोकळं व्हायची सवय काहींना आहे. करू नका. नंतर तिकडच्या कागदावर एक आणि इकडच्या कागदावर दुसरं, असं होऊन बसतं.

मालमत्तेच्या विम्याला बघायचं ते वेगळं. इथं धोका पूर्ण किंवा थोडा तरी अमेरिकेत असला पाहिजे. २०१९ च्या पुरानंतर सांगलीत घराचा विमा, त्यात पुराचं कव्हर, हे लोक मनावर घेऊन काढायला लागले. मुलाच्या नावावर फ्लॅट आहे, तो सिअ‍ॅटलला राहतो, विमा त्याने काढला. चार टक्के लागतील का? नाही. कृष्णेचं पाणी काही सिअ‍ॅटलला जात नाही. फ्लॅट सांगलीत, धोका सांगलीत, प्रश्न संपला. दारातल्या गाडीच्या विम्याचंही तसंच.

आता प्रत्यक्ष काम कसं करायचं ते. मी एका कुटुंबाचं करते तसंच सांगते.

सगळ्यात आधी पॉलिसीचा मूळ कागद काढा. पहिल्या पानावर शेड्यूल असतं: पॉलिसी क्रमांक, प्रस्तावक (पॉलिसी काढणारा) कोण, विमा कोणाच्या जिवाचा, सुरुवातीची तारीख, हप्त्याची पद्धत, हप्त्याची रक्कम. प्रस्तावक आणि विमाधारक वेगळे आहेत का ते इथंच कळतं. मूळ बाँड लॉकरमध्ये असेल तर त्या पानाचा फोटो पुरे. मग हप्त्याच्या पावत्या. आता एलआयसीच्या पोर्टलवर वर्षाचं प्रीमियम भरल्याचं प्रमाणपत्र मिळतं, त्यात सगळे हप्ते एकत्र दिसतात. प्राप्तिकराच्या वजावटीसाठी आपण ते काढतोच. पण ते आपल्या आर्थिक वर्षाचं असतं, एप्रिल ते मार्च. अमेरिकेला कॅलेंडर वर्षाच्या तिमाह्या लागतात. म्हणून दोन वर्षांची प्रमाणपत्रं काढायची आणि तारखेप्रमाणे फोड करायची.

तारीख हा या सगळ्या कामातला खरा गुंता आहे. हप्ता कधी ड्यू होता याला महत्त्व नाही. पैसे परदेशी विमा कंपनीकडे, किंवा तिच्या वतीने घेणाऱ्या बँकेकडे, किंवा अमेरिकेबाहेरच्या एजंटाकडे पोचले, त्या दिवशी कराची जबाबदारी लागते. "मॅडम, पैसे सांगलीच्या बँकेतून सांगलीच्या शाखेत गेले, अमेरिकेचा संबंधच काय?" हा प्रश्न मला प्रत्येक घरात येतो. संबंध असा, की अमेरिकेच्या दृष्टीनं एलआयसी परदेशी आहे. पैसे सीमा ओलांडतात का हे कायदा विचारतच नाही.

तीस मार्चला एजंट घरी येतो, चहा होतो, चेक देऊन टाकता. एजंट दोन एप्रिलला शाखेत भरतो आणि पावती दोन एप्रिलची येते. पावती धरली तर एप्रिल-जूनची तिमाही, एजंटाच्या हातात दिलं ते धरलं तर जानेवारी-मार्चची. एजंट अमेरिकेबाहेरचा, म्हणजे पैसे त्याच्याकडे गेले तेव्हाच जबाबदारी लागली. म्हणून मी सगळ्यांना सांगते, ऑनलाइन भरा किंवा बँकेला सूचना देऊन ठेवा. पासबुकात तारीख पडते, वाद राहत नाही. एजंटाकडे द्यायचेच असतील तर महिन्याच्या शेवटी देऊ नका.

तिमाह्या अशा: जानेवारी ते मार्चचा फॉर्म ३० एप्रिलपर्यंत, एप्रिल ते जूनचा ३१ जुलैपर्यंत, जुलै ते सप्टेंबरचा ३१ ऑक्टोबरपर्यंत, ऑक्टोबर ते डिसेंबरचा ३१ जानेवारीपर्यंत. शेवटचा दिवस शनिवार-रविवार किंवा सुट्टीचा आला तर पुढचा कामाचा दिवस. हप्ता महिन्याचा असेल तर चारही तिमाह्यांत रक्कम येते. वर्षाचा असेल तर एकाच तिमाहीत. शाखेत अर्ज देऊन पद्धत बदलून वार्षिक करून घ्या. तिकडची कटकट कमी होते, आणि बऱ्याच पारंपरिक योजनांत वार्षिक हप्त्याला थोडी सवलतही मिळते.

आता एक तक्ता करा. साधी वही चालते, मी एक्सेलमध्ये करते. पॉलिसी क्रमांक, विमा कंपनीचं नाव, विमाधारक, पॉलिसीचा प्रकार, पैसे दिल्याची तारीख, रुपयांतला हप्ता, त्या दिवशीचा डॉलरचा दर, डॉलरमधला हप्ता, एक टक्का. दर कुठून घेतला तेही लिहा आणि दरवेळी तिथूनच घ्या. एकदा इकडचा, एकदा तिकडचा, असं नको. जुन्या पावत्यांवर हप्ता आणि जीएसटी वेगवेगळे छापलेले असतात. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, त्यामुळे नव्या पावत्यांवर ती भानगड नाही. जुन्यांसाठी मी जीएसटीचा वेगळा रकाना ठेवते आणि कर हप्त्यावर काढते, कारण जीएसटी विमा कंपनीला धोका पत्करण्यासाठी मिळालेला मोबदला नव्हे. पॉलिसी मध्ये बंद पडून पुन्हा चालू केली असेल तर भरलेलं व्याज मात्र मी हप्त्यात धरते. करारापोटी द्यावी लागणारी जादा रक्कम प्रीमियममध्येच मोजायची असते.

आकडा किती होतो ते बघा. वर्षाचा हप्ता चोपन्न हजार. नव्वदच्या दराने सहाशे डॉलर. एक टक्का म्हणजे सहा डॉलर. हो, सहा. हे ऐकल्यावर माझ्या समोरचे काका हसतात, मग चिडतात. "सहा डॉलरसाठी एवढा खटाटोप? पोस्टाचाच खर्च जास्त होईल." त्यांचं चूक नाही. उशिराचा दंडही त्या सहा डॉलरवरच, महिन्याला पाच टक्के आणि जास्तीत जास्त पंचवीस टक्के. म्हणजे दीड डॉलर. भीती घालून फी घेणारे जे म्हणतात, "हजारो डॉलर दंड लागेल," ते फॉर्म ७२० ची आणि परदेशी खात्यांच्या फॉर्मची गल्लत करतात. ते फॉर्म निराळे आणि त्यांचा दंड खरंच जबर आहे.

मग भरायचं कशासाठी? एक म्हणजे, ज्या तिमाहीचं रिटर्न भरलंच नाही, तिचा हिशेब आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं कर खातं, कधीही मागू शकते, तिला मुदतीची मर्यादा लागू होत नाही. दुसरं म्हणजे, ती पॉलिसी मुलाच्या परदेशी खात्यांच्या फॉर्ममध्ये, एफबारमध्ये, दाखवलेली असते किंवा असायला हवी. सरेंडर व्हॅल्यू असलेली पॉलिसी तिथं खात्यासारखी मोजतात आणि सगळं मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेलं की तो फॉर्म लागतो. एका फॉर्मवर पॉलिसी आहे आणि दुसऱ्या फॉर्मचा पत्ताच नाही, हे नजरेत येतं. म्हणून शाखेत गेलातच तर ३१ डिसेंबरच्या सरेंडर व्हॅल्यूचं पत्रही मागून घ्या. काउंटरवर "आत्ताची देऊ का" म्हणतील. नाही म्हणा, ३१ डिसेंबरचीच हवी. युलिप, म्हणजे बाजाराशी जोडलेली पॉलिसी असेल तर आणखी भलतीच प्रकरणं निघतात. त्याबद्दल तिकडच्या जाणकाराशीच बोलायचं, इथं मी तोंड उघडत नाही.

फॉर्म ७२० पहिल्यांदा पाहिला की माणूस घाबरतो. डिझेल, विमानाचं इंधन, कोळसा, धनुष्यबाण, सगळ्यांचे रकाने त्यातच आहेत. आपल्याला लागते ती पार्ट १ मधली एकच जागा: परदेशी विम्याचे कर, आयआरएस क्रमांक ३०. तिथं तीन ओळी आहेत, त्यातली मधली आयुर्विमा, आजारपण-अपघात आणि अ‍ॅन्युइटीची, दर .०१. भरलेल्या हप्त्याच्या रकान्यात तिमाहीची डॉलरमधली बेरीज, शेजारी कर. पॉलिसी तीन असल्या तरी आकडा एकच, फोड आपल्या तक्त्यात. पुढे पार्ट ३ मध्ये ओळ ३ वर एकूण कर, आणि सही. सही मुलाचीच, खोटं निघालं तर शिक्षेच्या अटीवर केलेली. वडिलांनी "मी करून टाकतो त्याच्या नावानं" म्हणायचं नाही. आमच्याकडे कुरिअरच्या फॉर्मवर चालतं ते तिथं चालत नाही.

फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबर नव्हे, ईआयएन लागतो. ईआयएन म्हणजे एम्प्लॉयर आयडेंटिफिकेशन नंबर, नोकर ठेवलेले नसले तरी. आयआरएसच्या स्वतःच्या साइटवर तो फुकट मिळतो. फुकटच्या कामाचे पैसे घेणाऱ्या साइट्स गूगलवर आधी दिसतात, तेवढं बघा. फॉर्म मान्यताप्राप्त खासगी सेवांमार्फत ऑनलाइन भरता येतो किंवा कागदावर भरून युटा राज्यातल्या ओग्डेनच्या पत्त्यावर पाठवता येतो, पिनकोड ८४२०१-०००९. पैसे ऑनलाइन भरताना फॉर्म ७२० आणि तिमाही नीट निवडायची, नाहीतर सहा डॉलर प्राप्तिकराच्या खात्यात जाऊन बसतात आणि ते शोधण्यात तीन फोन जातात. पार्ट १ मधल्या करांची बेरीज तिमाहीला अडीच हजार डॉलरच्या आत असेल तर मध्ये मध्ये आगाऊ भरणा करावा लागत नाही. आपल्या घरांपैकी त्यावर कोणी जाईल असं मला वाटत नाही.

एकदा फॉर्म सुरू केला की मधल्या रिकाम्या तिमाह्यांचं काय? शेवटचं रिटर्न म्हणून खूण केलेली नसेल तर प्रत्येक तिमाहीचं रिटर्न अपेक्षित असतं. कर नसेल तर पार्ट ३ च्या ओळ ३ वर इंग्रजीत "नन" लिहून, सही करून पाठवायचं. मागच्या वर्षांचं राहिलं असेल तर सगळ्याचा गठ्ठा एका फॉर्ममध्ये कोंबू नका. ज्या तिमाहीत हप्ता गेला त्या तिमाहीचा फॉर्म वेगळा. चुकलं तर दुरुस्तीला फॉर्म ७२०-एक्स आहे. पॉलिसी परत केली आणि हप्त्याचे पैसे परत आले तर भरलेला करही त्यावरच मागता येतो, किंवा पुढच्या हप्त्यांच्या करातून वळता करता येतो.

आता तो प्रश्न, जो थोडं वाचलेला प्रत्येक जण विचारतो: दोनदा कर लागू नये म्हणून केलेला भारत-अमेरिका करार आहे ना? आहे. सप्टेंबर १९८९ मध्ये सही झालेल्या करारात परदेशी विमा कंपन्यांच्या हप्त्यावरचा हा अबकारी कर स्पष्ट नाव घेऊन धरलेला आहे, म्हणजे भारतीय कंपनीच्या हप्त्याला त्यातून सूट मिळू शकते. पण एक अट आहे. भारतीय कंपनीने तो धोका पुढे अशा कोणाकडे पुनर्विम्याला दिला असेल, ज्याला या किंवा दुसऱ्या करारातून ही सूट मिळत नाही, तर तेवढ्या भागाला सूट नाही. तुमच्या पॉलिसीचा पुनर्विमा कुठे आहे हे तुम्हाला कळणार कसं? म्हणून आयआरएसची पद्धत आहे, रेव्हेन्यू प्रोसिजर २००३-७८: विमा कंपनीनं आयआरएसबरोबर लेखी करार केलेला असेल आणि फॉर्म भरण्याआधी तुम्हाला ते माहीत असेल, तर तुम्ही हप्ता करमुक्त धरू शकता.

माझं मत सांगू? सहा डॉलरसाठी कराराचं भांडण नको. आयआरएसशी असा करार केल्याचा कंपनीचा कागद हातात नसेल तर एक टक्का भरून टाका. धंद्याच्या पॉलिसीला मात्र कागद मागाच.

तर धंद्याकडे येऊ. आमच्या मार्केट यार्डातले एक हळदवाले आहेत. धाकट्या भावानं न्यू जर्सीत एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली, हळद पावडर आणि तासगावचा बेदाणा तिथल्या दुकानांत देतो. तिथल्या मोठ्या दुकानदारानं उत्पादनाच्या जबाबदारीचा विमा मागितला. थोरल्यानं इथल्या विमा कंपनीकडून पॉलिसी घेतली आणि भावाच्या एलएलसीचं नाव विमाधारकांत घालून घेतलं. स्वस्त पडली, दोघं खूष. पण एलएलसी अमेरिकेची, हळद खाऊन कोणाचं पोट बिघडलं तर दावा तिथं, म्हणजे धोका अमेरिकेत. इथं १ नाही, ४ टक्के. एलएलसीच्या वाट्याचा हप्ता बारा हजार डॉलर धरला तर चारशे ऐंशी डॉलर.

वाटा कसा काढायचा हा खरा प्रश्न. पॉलिसीत सांगलीची फर्म, तिची इतर देशांतली विक्री आणि अमेरिकेची एलएलसी एकत्र असतील तर विमा कंपनीकडून हप्त्याची लेखी फोड घ्या. विक्रीच्या प्रमाणात असेल तर तसं त्या पत्रात लिहून घ्या. "अंदाजे निम्मं" असं तोंडी चालत नाही. पैसे सांगलीच्या फर्मनं भरले तरी तिनं कर भरला नाही तर जबाबदारी एलएलसीवरच येते, म्हणून फॉर्म एलएलसीनं भरायचा. एकट्या मालकाची एलएलसी प्राप्तिकरात मालकात मिसळलेली असली तरी या अबकारी करापुरती ती वेगळी धरतात, म्हणून एलएलसीच्याच ईआयएनवर. कराराची सूट घ्यायची असेल तर वरचा कागद आधी मागा, पॉलिसी नूतनीकरणाच्या वेळी. तेव्हा कंपनीला तुमचा धंदा हवा असतो आणि पत्र लवकर मिळतं.

आणि राज्याचा कर वेगळा. ज्या विमा कंपनीला त्या राज्यात परवाना नाही, तिच्याकडून विमा घेतला तर राज्यही हप्त्यावर कर घेतं. २०१० च्या कायद्यानंतर तो विमाधारकाच्या मूळ राज्यानंच घ्यायचा ठरलं आहे. दलालामार्फत घेतलेल्या अशा विम्यावर न्यू जर्सीत ५ टक्के, टेक्सासमध्ये ४.८५ टक्के. हे दोन कर एकमेकांत वजा होत नाहीत. उलट एखादी कंपनी न्यू जर्सीत बिनपरवाना पण स्थापन अमेरिकेतच झालेली असेल, तर राज्याचा कर लागेल, केंद्राचा ४ टक्के नाही. दलालाला थेट विचारा: कंपनी कुठे स्थापन झाली आहे, आणि परदेशी असली तर अमेरिकेत देशी कंपनीसारखा कर भरायचा पर्याय, कलम ९५३-डीचा, तिनं घेतला आहे का? घेतला असेल तर हा अबकारी कर नाही. बिलावर अबकारी कराची ओळ असेल आणि पैसे अमेरिकेतल्या दलालाकडे जात असतील तर बहुधा तोच भरतो, तरी भरल्याचा पुरावा मागून ठेवा.

अमेरिकेतून बाहेर पाठवायच्या मालाच्या वाहतूक विम्याला हा कर लागत नाही. निर्यातीवर कर लावायला अमेरिकेच्या राज्यघटनेतच बंदी आहे, आणि १९९६ मध्ये आयबीएमच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं या विमा करालाही ती लागू केली. आमचा माल उलट दिशेला जातो, त्यामुळे हळदवाल्यांना त्याचा उपयोग शून्य.

मुलगी कॅनडात असेल तर नियम साफ वेगळा. तिथं बिनपरवाना परदेशी विमा कंपनीच्या हप्त्यावर १० टक्के अबकारी कर आहे, वर्षाचा एकदाच, पुढच्या ३० एप्रिलपर्यंत. आयुर्विमा, वैयक्तिक अपघात, आजारपण आणि सागरी विमा त्यातून वगळलेले आहेत. म्हणजे टोरांटोच्या लेकीच्या एलआयसीला काही नाही, पण तिनं तिथल्या दुकानाचा विमा बाहेरून घेतला तर दहा टक्के.

कागद किती दिवस ठेवायचे? कर देय झाल्याची किंवा भरल्याची, यातली जी तारीख नंतरची, तिच्यापासून किमान तीन वर्षं. पॉलिसी, पावत्या, बँकेच्या नोंदी, तक्ता, फॉर्मची प्रत. हप्ते टप्प्याटप्प्यानं असतील तर प्रत्येकाची रक्कम आणि तारीख. मी तर पॉलिसी संपेपर्यंत ठेवायला सांगते, कारण मॅच्युरिटीला तिकडचा टॅक्सवाला किती भरले हे विचारतोच.

आणि पोरगं कायमचं सांगलीला परत आलं, ग्रीन कार्ड रीतसर सोडलं, किंवा पॉलिसीच बंद केली, तर ज्या तिमाहीत शेवटचा करपात्र हप्ता गेला त्या फॉर्मच्या वर शेवटचं रिटर्न या चौकटीत खूण करा. ग्रीन कार्ड नुसतं कपाटात ठेवून दिलं म्हणजे सोडलं असं होत नाही. तोपर्यंत हप्ता आणि फॉर्म दोन्ही चालूच.